कॉम्प्युटर बसवायचा, पण उठणार कोण?

गेल्या महिन्यापर्यंत आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळी अंकाची पोरं येऊन बोलली, "तात्या, घरासाठी कॉम्प्युटर कसा निवडायचा त्यावर लिहा, तुम्ही आयुष्यभर तेच केलंत." केलं, पण दुसऱ्यांच्या घरासाठी. परळ-लालबागच्या चाळींत केलं, पार गिरगावापर्यंत गेलो. स्वतःसाठी निवडायची वेळ आली तेव्हा माझी काय फजिती झाली, ते शेवटी येईलच. माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा. ज्यांना शुद्धलेखन तपासायचंय त्यांनी पुढची पानं उलटावीत, तिकडे कविता असतील.

मी गिरणीत वायरमनच्या हाताखाली होतो. गिरणी बंद पडली. मग टीव्ही दुरुस्ती शिकलो, मग चाळीच्या खालचा गाळा भाड्याने घेतला आणि कॉम्प्युटर जोडून विकायला लागलो. ही कहाणी एवढीच. गिरणगावात प्रत्येकाकडे एक अशी कहाणी आहे आणि ऐकणाऱ्याला जांभई येते.

आमची मंडळी, सुनंदा, होळीच्या आधी गेली. ताप आला, छातीत भरला, चार दिवसांत संपलं. परळला राहतो, इस्पितळं हाकेच्या अंतरावर, तरी उपयोग झाला नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

मुलगी वैशाली बंगलोरला असते. ती रोज फोन करते. गणपती झाल्यावर बोलली, "बाबा, फोनवर तुम्हाला आमची तोंडं नीट दिसत नाहीत, मला तुमचा नुसता कान दिसतो. घरात एक कॉम्प्युटर घ्या. मी दिवाळीला येतेय, तोपर्यंत घेतला नाहीत तर मी माझ्या मनाने ऑनलाइन मागवून टाकीन."

ऑनलाइन. म्हणजे मी लोकांना निवडून देणारा माणूस, आणि माझ्या घरात कुरिअरवाला खोकं टाकून सही घेऊन जाणार. मी बोललो, "काही मागवू नकोस. माझा मी निवडतो." बोलून गेलो आणि तिथेच अडकलो.

आता धंद्याबद्दल. नवीन माणसाला मी असं समजवायचो. कॉम्प्युटर म्हणजे स्वयंपाकघर. हार्ड डिस्क म्हणजे माळा, सामान ठेवायचा. रॅम म्हणजे ओटा. आणि प्रोसेसर म्हणजे ओट्यापाशी उभी असलेली बाई. गिऱ्हाईक यायचं आणि पहिलं विचारायचं, माळा केवढा? अरे, माळ्यावर शंभर डबे ठेवलेस आणि ओटा हातभर असला तर ती बाई चपात्या काय डोक्यावर लाटणार? पैसे थोडे असतील तर आधी ओट्यावर घाला. हल्ली एसएसडी आलीय, ती म्हणजे माळ्याऐवजी हाताशी केलेली मांडणी. सामान कमी मावतं, पण शिडी लावावी लागत नाही. जुना कॉम्प्युटर रडत असेल तर नवा घेऊ नका, त्याला अशी एक मांडणी करून द्या, बरेचसे पुन्हा पळायला लागतात. हे मी दुकान चालू असताना कधी मोठ्याने बोललो नाही. आता गाळा सोडलाय, काय जातंय.

बजेट विचारलं की माणूस खोटं बोलतो. एकटा आला असेल तर कमी सांगतो, सोबत शेजारी असला तर जास्त सांगतो. म्हणून मी बजेट विचारायचोच नाही. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचो आणि विचारपूस सुनंदाच करायची. गाळ्याच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून ती हातशिलाई करत बसायची. मान वर न करता दोनच प्रश्न. "बसणार कोण? आणि करणार काय?" उत्तर ऐकलं की मला कळायचं कुठला माल काढायचा.

ती शिवायची काय, तर कव्हरं. आमच्याकडून कॉम्प्युटर नेला की त्यावर एक कापडी कव्हर फुकट. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन कटपीस आणायची, फुलाफुलांचे, आणि खाली झालर लावायची. मुख्य शिलाई वर खोलीतल्या पायमशीनवर, झालर खाली गाळ्यात. ज्यांना कॉम्प्युटरचा क ठाऊक नव्हता त्या बायका नुसतं कव्हर बघून नवऱ्याला ओढून आणायच्या. प्रत्येक कव्हराला ती टाचणीने चिठ्ठी लावायची, नाव आणि इंच. "कदम १७." घरच्या वस्तूंना, अभ्र्याला, टेबलफॅनच्या कव्हराला, चिठ्ठी असायची पण तिच्यावर नुसतं माप. मी एकदा विचारलं तर बोलली, "आपल्याच घरात आपलं नाव कशाला?"

आणि घरात कॉम्प्युटर आणायचा विषय काढला की एकच उत्तर. "दुकान खाली ठेवून वर या. वर आणलंत तर मी खाली जाईन."

एकदा ठाकूरद्वारहून एक साहेब आले. जुनं घराणं, इस्त्रीचा शर्ट, हातात टाइप केलेला कागद. कागदावर अकरा प्रश्न. "आपल्याकडे वॉरंटीची लेखी हमी मिळते का? प्रोसेसर कोणत्या पिढीचा देता?" मी घाबरलो. माझी स्वतःची पिढी मला नीट सांगता येत नाही. साहेबांना सगळं मोठ्यात मोठं पाहिजे होतं.

सुनंदाने दोरा तोडला. "साहेब, बसणार कोण?"

"मीच."

"करणार काय?"

साहेबांनी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. मग रस्त्याकडे बघत हळूच बोलले, "पत्ते. एकट्याने खेळतात ते."

त्यांच्या घरात पत्त्यांना बंदी होती. बाईसाहेबांनी जोड जाळला होता म्हणे. पत्त्यांना काय लागतं? सगळ्यात लहान मशीन पुरतं. पण लहान मशीन नेलं तर शेजारी विचारणार, एवढंसं? साहेबांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग मी लहानातलं लहान मशीन सगळ्यात मोठ्या कॅबिनेटमध्ये जोडून दिलं, पुढे निळा दिवा लावून. आत अर्धं कॅबिनेट रिकामं, उंदराने संसार करावा इतकं. गरज भागली, पैसे वाचले आणि इमारतीत वट राहिली.

पंधरा दिवसांनी फोन. "तात्या, मशीनमध्ये दोष आहे."

"काय होतंय साहेब?"

"डाव सुटत नाही."

मी ठाकूरद्वारला जाऊन बसलो. डाव खरंच सुटत नव्हता. काळी राणी खाली अडकली होती. बाईसाहेब चहा घेऊन आल्या तसं साहेबांनी पटकन पडदा बदलला आणि मला मोठ्याने बोलले, "म्हणजे शेअर बाजाराचं असं आहे तर." मीही मान हलवली. वॉरंटीत हेही धरायचं असतं.

दुसरा प्रसंग माझ्या चुकीचा आहे. गिऱ्हाईक पक्कं झालं की मी टेप घेऊन त्याच्या घरी जागा बघायला जायचो. मुलगी बघायला जातात तसं. चाळीतल्या खोलीत कॉम्प्युटर निवडायचा म्हणजे आधी कोपरा निवडायचा. लालबागला कदमांची खोली बघितली. एका कोपऱ्यात बादली आणि दोन छत्र्या. मला वाटलं मोकळा आहे. टेबल आणलं, भिंतीत भोकं पाडून स्क्रूने असं आवळलं की भिंत निघेल पण टेबल निघणार नाही.

श्रावण सुरू झाला आणि अण्णा कदम गाळ्यात येऊन उभे राहिले.

"तात्या, बाप्पा कुठे बसवू? तुमच्या डोक्यावर?"

तो कोपरा बाप्पाचा होता. वर्षभर तिथे बादली असते, पण कोपरा बाप्पाचा. आमचा गणपती गावाला, मालवणकडे. सणाला आम्ही मुंबईत नसतोच. त्यामुळे इथल्या खोलीत बाप्पाची जागा राखून ठेवलेली असते हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी टेबल काढायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो तर कदमांचा मुलगा प्रशांत आडवा आला. तो घरी बसून डेटा एंट्रीचं काम करायचा.

"काढायचा नाही. माझं काम चालू आहे."

"बाप्पापेक्षा तुझं काम मोठं?"

"बाप्पाच्या मोदकांना माझंच काम लागतं, अण्णा."

पुढे बापलेकांत जे झालं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शेवटी तोड अशी निघाली. बाप्पा कॉम्प्युटरच्या टेबलावर बसले. मॉनिटर आणि कीबोर्ड मी लांब वायरी टाकून बाहेर गॅलरीत नेला. कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, टेबलाखालीच, मखमली पडद्याआड. प्रशांत गॅलरीत टाइप करतोय आणि मखराखालून पंख्याची घरघर. दर्शनाला आलेल्या म्हाताऱ्या हात जोडून विचारायच्या, "आत कोण घोरतंय रे?"

आम्ही तेव्हा गावाला होतो, ऐकलेलं सांगतो. गौरींच्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असताना लाइट गेले. अख्खी चाळ काळोखात आणि कदमांचा बाप्पा लख्ख. प्रशांतने मखराच्या माळा यूपीएसला जोडल्या होत्या. फक्त यूपीएस बोंबलायला लागला. टीं, टीं, टीं. तो बंद करावा तर बाप्पा काळोखात. मग मंडळींनी त्या टीं-टींवरच टाळ धरले. ठेका असा जमला की वरच्या मजल्यावरची माणसं कदमांची आरती कधी नव्हे ती एका सुरात चाललीय म्हणून बघायला आली. अण्णा अजून सांगतात, त्या वर्षी बाप्पाने आपली सोय आपणच केली. मी मात्र तेव्हापासून टेप काढायच्या आधी विचारायचो, बाप्पा कुठे बसतात?

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नाही, पण ती टाळली तर बाकीच्या लिहून काय उपयोग.

परळला सावंतबाई म्हणून होत्या. नवरा नव्हता. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायच्या. मुलाला कॉलेजसाठी कॉम्प्युटर पाहिजे होता. मी टेप घेऊन गेलो. खोलीत प्लग एकच, खिडकीजवळ, आणि तिथे त्यांचं शिलाई मशीन. मी बोललो, "बाई, हे उठवावं लागेल." त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. पदर खोचला आणि मशीनचं एक टोक स्वतः उचललं. दुसरं मी धरलं. गॅलरीत नेऊन ठेवलं. कॉम्प्युटर छान बसला, मुलगा खूश, मीही खूश.

पुढल्या वर्षी सुनंदा हिंदमाताला कटपीस आणायला गेली तर एका साडीच्या दुकानात मागच्या बाजूला सावंतबाई फॉल लावताना दिसल्या. गॅलरीत मशीनला पागोळ्यांचं पाणी लागलं, गंज चढला, घरचं काम तुटलं. आता सकाळी जायचं ते दिवेलागणीला यायचं.

सुनंदा एरवी माझ्याशी चारचौघांसारखं मराठी बोलायची. चिडली की मालवणीवर यायची. त्या दिवशी पिशवी गाळ्यात आपटली आणि बोलली, "तुमी मशीन उठवलात, ता बरा. पण ती बाय आता बसतली खंय? ह्या तुमका इचारूक नको होता?"

मी गाळा बंद केला. दोघं सावंतबाईंकडे गेलो. कॉम्प्युटर मी खाटेच्या वर भिंतीला फळी ठोकून चढवला, कीबोर्डाला बिजागऱ्यांची वेगळी फळी, झोपताना वर लोटता येईल अशी. मशीन आत आणलं. तेल घातलं, गंज घासला, पट्टा नवीन टाकला. चाललं, पण टाका मध्येच सुटायचा. पुन्हा पहिल्यासारखं नाहीच झालं. सावंतबाई दुकानातच जात राहिल्या. कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमचे प्रश्न तीन झाले. कोण बसणार, काय करणार आणि उठणार कोण. दहा बाय बाराच्या खोलीत एखादी वस्तू आत आली की दुसरी कुणाची तरी उठते. आणि मी बघितलंय, उठते ती नेहमी बाईची. मशीन, पाटावरवंटा, कपड्यांची ट्रंक. बाप्यामाणसाची खुर्ची उठलेली मी एकाही घरात बघितली नाही.

तर आता माझं घर.

मागच्या वर्षी गाळा सोडला. लोक मोबाइलवर सगळं करतात, उरलेले लॅपटॉप मागवतात. मी वर येऊन खिडकीजवळ आरामखुर्चीत बसायला लागलो. सुनंदा मशीनवर. थोड्या दिवसांनी ती बोलली, "दिवसभर माझ्याकडे बघत बसू नका. माझे टाके चुकतात." मी बोललो, मग कुठे बघू? त्यावर तिने नुसता सुईत दोरा ओवला.

वैशालीच्या धमकीनंतर मी टेप काढली. स्वतःच्या खोलीत पाव्हण्यासारखा उभा राहिलो. कोण बसणार? मी. काय करणार? मुलीशी बोलणार, नातीला बघणार. उठणार कोण? प्लग आमच्याकडेही एकच धड, आणि तो सुनंदाच्या मशीनमागे. सगळ्या मुंबईतल्या वायरमनांनी मिळून ठरवलंय की काय कोण जाणे.

ते मशीन मी होळीपासून हलवलं नव्हतं. सुईखाली एक कापड तसंच अडकलेलं होतं, निळ्यावर पांढरी फुलं. कोणा जुन्या गिऱ्हाइकाचं कव्हर राहिलं असणार असं मी धरून चाललो होतो. दुकान बंद झाल्यावर कोण कव्हर शिवायला सांगेल, हा विचार केलाच नव्हता. टेप लावायला म्हणून कापड जरा वर केलं तर टाचणीला चिठ्ठी. म्हटलं नाव बघू, पोचवून येऊ.

चिठ्ठीवर "१९" होतं. नाव नव्हतं.

आता हे मी माझ्या सोयीने लावतोय असं कोणी म्हणेल. म्हणू दे. इतकी वर्षं तिच्या चिठ्ठ्या वाचल्यात. मी तिथेच जमिनीवर बसलो. चहा करायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडला गेलो. एकोणीस इंची चौकोनी मॉनिटर आता कोणी बनवत नाही. सगळे लांबडे, चोवीस-सत्तावीस. ओळखीच्या दुकानदारांनी मला चहा पाजला आणि वेड्यात काढलं. शेवटी एका गल्लीत जुना माल विकणाऱ्याकडे एक सापडला. मी टेपने सगळ्या बाजू मोजल्या. त्याने विचारलं, "चाचा, ये कबाड का क्या करोगे? इसी पैसे में बड़ा देता हूँ."

"बडा नहीं चलेगा. कव्हर छोटा पडेगा."

त्याने मॉनिटर खाली ठेवला. "लोग कॉम्प्युटर का कव्हर लेते हैं. आप कव्हर का कॉम्प्युटर ले रहे हो?"

मी बोललो, हो. त्यावर एक चिमट्याने लावायचा कॅमेरा आणि एक जुना डबा घेतला, घरी येऊन त्यात ओटा वाढवला, एसएसडी टाकली. मॉनिटरला एका कडेला पिवळा डाग आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून असा माणूस आला असता तर मी त्याला हाकलून दिला असता.

वैशालीला फोन केला. "बाबा, लॅपटॉप घेतलात ना?"

"नाही. मोठा."

"आता डेस्कटॉप कोण घेतं?"

"ज्याच्याकडे कव्हर आहे तो."

"कसलं कव्हर?"

"ये, मग दाखवतो."

"आणि ठेवलात कुठे? आईचं मशीन हलवलंत?"

"नाही," मी बोललो. "खुर्ची हलवली."

मशीनमागच्या प्लगवरून भिंतीला वायरची पट्टी मारून मी खिडकीपर्यंत लाइन ओढली. माझी आरामखुर्ची गॅलरीत गेली. येणारे-जाणारे तिच्यावर बसतात, एकदा मांजर व्यालं. कॉम्प्युटर खुर्चीच्या जागी. समोर बसायला सुनंदाचं स्टूल घेतो, ते बुटकं आहे, त्यामुळे वैशालीला पहिल्या दिवशी माझं नुसतं कपाळ दिसलं. "बाबा, जरा वर व्हा." उशी घेतली. मग नात बोलली, आजोबांच्या मागे मशीन दिसतंय. दिसू दे.

दुपारी पत्ते खेळतो. ठाकूरद्वारच्या साहेबांचं खरं होतं, डाव सुटत नाही.

सुईखालून कापड काढताना दोरा मी दातानेच तोडला, ती तोडायची तसा. शिलाई मला येत नाही, तीन बाजू तिच्या झालेल्या होत्या, चौथी तशीच आहे. झालर तर नाहीच. खेळून झालं की कव्हर घालतो. चौथ्या बाजूने वायरी बाहेर येतात, त्यांना वाट लागतेच.